एअर पिस्तूल : सुटा भाग कंपनीचा घ्यावा की बाहेरचा?

काही वर्षं वापरलेलं 10 मीटरचं एअर पिस्तूल. ग्रिप, म्हणजे हातात धरायची मूठ, टोचते, हवेच्या सिलिंडरचा दाब रातोरात उतरतो, आणि मूळ भाग यायला महिने लागतील असं विक्रेता सांगतो. स्टायर ऑस्ट्रियाचं, मोरिनी स्वित्झर्लंडचं, पार्डिनी इटलीचं, वॉल्थर आणि फाइनवर्कबाऊ जर्मनीचं; त्यामुळे वाट पाहणं आलंच. मग शेजारच्या लेनवरून सल्ला येतो, "बाहेरचा बसव, काही होत नाही." काही भागांच्या बाबतीत हा सल्ला खरा आहे, काहींच्या बाबतीत धोक्याचा.

आधी एक खुलासा. हे सगळं फक्त एअर पिस्तुलापुरतं आहे. काडतुसाच्या पिस्तुलाचा विषय वेगळा, कारण 1959 च्या शस्त्र अधिनियमात शस्त्राच्या व्याख्येतच त्याचे सुटे भागही येतात. तिथे परवानाधारक विक्रेत्याशिवाय पाऊल टाकू नये.

सगळ्यात जास्त विचार करावा असा भाग म्हणजे ग्रिप. कंपनीची ग्रिप लहान, मध्यम, मोठी अशा ठरावीक मापांत येते. ती फ्रेमवर चपखल बसते आणि पिस्तूल विकताना मूळ ग्रिप असली की भावही बरा मिळतो. पण तुमचा तळहात त्या तीन मापांत बसेलच असं नाही. रिंक किंवा निल यांच्यासारखे जर्मन कारागीर फक्त नेमबाजीच्या ग्रिप घडवतात. रिंककडे हाताचं माप पाठवलं की त्याप्रमाणे ग्रिप मिळते. महाग पडते, पण मूळ माप मुळातच चुकलं असेल तर हा खर्च मला योग्य वाटतो. माप साधारण बरोबर असून एखाद्याच ठिकाणी टोचत असेल, तर आधी कानस आणि लाकडाची पुट्टी. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

तिसरा पर्याय थ्रीडी प्रिंटरवर छापलेल्या ग्रिपचा. स्वस्त, आणि आकार हवा तितक्या वेळा बदलता येतो. खोच असते ती आतल्या पोकळीत. फ्रेमवर ग्रिप किंचित जरी हलली तरी मनगट ती सावरू शकत नाही, आणि लक्ष्यावरचं दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम 11.5 मिमीचं. अशा छपाईत वापरतात ते पीएलए प्लास्टिक 60 अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडतं. मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या गाडीत किट ठेवायची सवय असेल तर हा पर्याय सोडाच. लाकडाचीही कटकट आहेच. मुंबईच्या पावसाळ्यात अक्रोडाचं लाकूड फुगतं, स्क्रू पुन्हा तपासावे लागतात.

बाहेरची ग्रिप घेताना स्पर्धेच्या नियमाची पट्टी सोबत ठेवा. पिस्तूल सगळ्या सामानासह 420 × 200 × 50 मिमीच्या खोक्यात बसलं पाहिजे, वजन 1500 ग्रॅमच्या आत हवं. अडचण बहुतेक वेळा त्या 50 मिमीत येते, कारण तळहाताखालची फळी रुंद केलेली असते. ती फळी वर वळलेली चालत नाही, आणि मनगट मोकळं दिसलं पाहिजे.

साइटचं, म्हणजे नेम धरायच्या खुणेचं, प्रकरण सोपं आहे. पुढच्या साइटची पट्टी 4, 4.5 किंवा 5 मिमी रुंद, कुणाचीही घ्या. कडा सरळ आणि रंग चकाकी नसलेला काळा असला म्हणजे झालं. ट्रिगरचं पातं, म्हणजे बोट टेकतं तो तुकडा, तोही बाहेरचा चालतो.

ट्रिगरच्या आतल्या स्प्रिंगला मात्र हात लावू नका. एअर पिस्तुलाच्या ट्रिगरने न सुटता किमान 500 ग्रॅम वजन पेललं पाहिजे, आणि सामन्यानंतरच्या तपासणीत ते पेललं नाही तर थेट अपात्र. बाहेरची स्प्रिंग पहिल्या दिवशी 510 ग्रॅम दाखवेल, हंगामाच्या शेवटी काय दाखवेल याची हमी कोण देणार? इलेक्ट्रॉनिक ट्रिगरच्या सर्किटबद्दलही माझं हेच मत. टोकियो ऑलिंपिकमध्ये पात्रता फेरी चालू असताना मनू भाकरचं पिस्तूल बिघडलं आणि दुरुस्तीत मोलाची मिनिटं गेली. 60 शॉट, 75 मिनिटं. घड्याळ थांबत नाही.

ओ-रिंगवर, म्हणजे हवा गळू न देणाऱ्या रबरी कडीवर, मतभेद होतात. कंपनीचा सील-संच महाग असतो आणि शहरातल्या रबर-सीलच्या दुकानात दिसायला तशीच रिंग काही रुपयांत मिळते. व्यास आणि जाडी मायक्रोमीटरवर जुळवणं सोपं, कडकपणा डोळ्यांना दिसत नाही. 200 बारच्या दाबाला मऊ रिंग फटीत घुसते आणि चिरते. कमी दाबाच्या जागी बाहेरची वापरायला माझी हरकत नाही. सिलिंडरच्या तोंडाशी मूळचीच. वंगण सिलिकॉनचं. साधं मशीन ऑइल जास्त दाबाच्या हवेत पेट घेऊ शकतं.

आणि सिलिंडर. इथे तुलनाच नको. मूळचाच घ्या, तोही कोरलेली तारीख वाचून. आयुष्य जास्तीत जास्त 10 वर्षं, आणि मुदत पाहण्याची जबाबदारी नियमाने नेमबाजावरच टाकली आहे. कुणी अर्ध्या किमतीत जुना देत असेल तर त्याची मुदत बहुधा संपत आलेली असते.

बाहेरची ग्रिप बसवलीत तरी मूळ ग्रिप आणि तिचा स्क्रू किटमध्ये असू द्या. उपकरण तपासणीत खोक्याने अडवलं तर तिथल्या तिथे बदलता येते, फक्त साइट पुन्हा जुळवावी लागते.