मोफत स्लीप टेस्ट आणि सव्वा लाखाचं जुनं मशीन

तुमच्या सोसायटीत ‘घोरण्याची मोफत तपासणी’ असं शिबिर येणार असेल, तर आलेल्या माणसाला आधी एवढंच विचारा: झोपेत मास्कमधून हवा देणारं मशीन तुम्हीच विकता का? हो म्हणाला, तर चहा पाजा आणि वाटेला लावा. आमच्याकडे, नाशिकला, हे कोणीच विचारलं नाही. तीन घरांत मशिनं गेली. त्यातलं एक आमचं.

आमच्या ह्यांचं घोरणं अख्ख्या बिल्डिंगला माहीत आहे. वय पंचावन्न, बीपीची गोळी चालू, दुपारी जेवण झालं की टीव्हीसमोर मान टाकतात. म्हणजे तपासणी व्हायला हवीच होती, त्यात वाद नाही. शिबिरातल्या मुलाने मानेचा घेर मोजला, तो सतरा इंच भरला. दिवसा झोप कधी-कधी येते याचे आठ प्रश्न विचारले (ते प्रश्न खरे आहेत, एपवर्थ स्केल म्हणून जगभर वापरतात) आणि रात्री बोटाला लावायला एक चिमटा दिला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एकपानी रंगीत रिपोर्ट घेऊन तो घरी हजर. लाल अक्षरांत ‘सिव्हिअर’, एएचआय ४६.

“काकू, काकांचा श्वास तासाला सेहेचाळीस वेळा थांबतो. सात तासांचे तीनशेच्या वर झाले. झोपेत काही झालं तर तुम्हाला कळणारसुद्धा नाही.”

हे तो माझ्याकडे बघून बोलला, ह्यांच्याकडे नाही. सराईत माणूस. साधं सीपॅप (मास्कमधून सतत एकाच दाबाने हवा देणारं मशीन) चालणार नाही, बायपॅपच (श्वास घेताना जास्त, सोडताना कमी दाब देणारं) लागेल, किंमत १,८५,०००, पण आज बुक केलं तर १,२५,०००. त्यातले ३५,००० रोख, बाकीचे हप्ते. फायनान्सवाला त्याच्याच ओळखीचा, तासाभरात कर्ज मंजूर.

मशीन आलं. हवा दमट करायची त्याला पाण्याची छोटी टाकी असते. तिच्या तळाला पांढरा थर दिसला, बोअरच्या पाण्याने गीझरच्या कॉइलवर क्षार बसतात अगदी तसा. “फॅक्टरीत पाणी घालून टेस्ट करतात ना काकू!” मास्क मात्र पिशवीबंद, नवा कोरा. मशीनच्या पोटाखालचं सिरीयल नंबरचं स्टिकर अर्धं खरवडलेलं. मुलाने कोणाला तरी फोन लावून प्रेशर सेट केलं, श्वास घेताना १६, सोडताना १२, आणि निघून गेला. ह्यांच्या पोटात रात्रभर हवा जायची, सकाळी ढेकरा आणि कोरडा घसा. विचारलं की ठरलेलं उत्तर: सवय होईल.

माझा भाचा एमडी करतो. घरी आला तेव्हा त्याने रिपोर्ट उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, “मावशी, यात श्वास मोजलाय कुठे?”

मुद्दा इतका साधा आहे. बोटावरचा चिमटा रक्तातला ऑक्सिजन आणि नाडी मोजतो, बस. श्वास थांबला की नाही हे कळायला नाकाशी हवेची नळी लागते, छाती-पोटावर पट्टे लागतात. घरी करायच्या बऱ्यापैकी टेस्टमध्ये निदान एवढं तरी असतं. पण माणूस झोपलाय की नुसता पडून आहे, हे बहुतेक घरगुती टेस्टना कळत नाही. त्याला डोक्यावर, डोळ्यांशेजारी, हनुवटीवर तारा लावाव्या लागतात. एएचआय म्हणजे झोपेच्या दर तासाला किमान दहा सेकंद श्वास किती वेळा थांबला किंवा मंदावला, तो आकडा. ५ च्या खाली ठीक, १५ पर्यंत सौम्य, ३० पर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र. नुसत्या ऑक्सिजनच्या चिमट्यावरून ‘एएचआय ४६’ छापणं म्हणजे शुद्ध थाप.

मग भाच्याने आलेखावर बोट ठेवलं. ऑक्सिजन ५८ पर्यंत घसरलेला, आणि नेमक्या त्याच वेळी नाडीची रेघ शून्यावर. “पल्स शून्य म्हणजे एक तर काका गेले, नाहीतर चिमटा सुटला. काका तर समोर पोहे खातायत.”

मशिनं न विकणाऱ्या एका रुग्णालयात खरी टेस्ट केली. बारा हजार रुपये गेले. टेक्निशियनने तासभर खपून केसांत पेस्ट लावून तारा चिकटवल्या, पायांनाही लावल्या, रात्रभर तो शेजारच्या खोलीत पडद्यावर बघत बसला. ती पेस्ट दोनदा शाम्पू केल्यावर निघाली. निकाल: एएचआय ९, तोही मुख्यतः उताणं झोपल्यावर, कुशीवर जवळजवळ नाहीच. डॉक्टरांनी वजन कमी करा, कुशीवर झोपा, रात्रीची पार्टी बंद करा असं सांगितलं आणि नाकाच्या ॲलर्जीवर स्प्रे दिला. बायपॅपची गरज नव्हतीच. आणि ज्याला ते खरंच लागतं, त्याचंही प्रेशर असं फोनवर ठरवत नाहीत, रात्रभर तपासून ठरवतात.

गैरसमज नको, सीपॅप हे काही थोतांड नाही. ऑस्ट्रेलियातल्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये ते प्रथम मांडलं आणि तीव्र स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास पुन्हा पुन्हा थांबण्याचा आजार) असलेल्यांचं आयुष्य त्याने बदललं आहे. आमच्याच नात्यातले एक गृहस्थ त्याशिवाय झोपत नाहीत. म्हणून तर या धंद्याचा जास्त राग येतो. आता शेजारचे एक आजोबा, ज्यांना खरंच लागेल असं वाटतं, ते ‘सगळे चोर’ म्हणून टेस्टलाच तयार नाहीत.

त्याच टेक्निशियनने आमच्या मशीनचा आतला मेनू उघडून दाखवला. चाललेले तास: ४,२१२. रोजचे सात तास धरले तरी दीड वर्षाहून जास्त कोणीतरी ते तोंडाला लावून झोपलेलं! अशा मशीनचा इतिहास माहीत असणं हा चोखंदळपणा नाही. जून २०२१ मध्ये फिलिप्सने आतला फोम विरून श्वासात जाऊ शकतो म्हणून जगभरातली लाखो मशिनं परत मागवली होती. आमचं त्यातलं नव्हतं, पण स्टिकर खरवडल्यावर घेणाऱ्याला ते कळणार कसं?

विक्रेत्याकडे गेलो तर ‘डेमो पीस’ झाला. बिलावर फक्त ‘रेस्पिरेटरी इक्विपमेंट, १ नग’. सिरीयल नंबर नाही. रिपोर्टखाली डॉक्टरची सही, पण नोंदणी क्रमांक नाही. ह्यांना न बघताच सही केलेली. खऱ्या डॉक्टरने आपला नोंदणी क्रमांक प्रिस्क्रिप्शनवर, प्रमाणपत्रावर लिहायचा असतो. रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत कागदपत्रंही द्यायची असतात. आम्ही मूळ डेटा मागितला, तो काही आला नाही.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, मग वकिलाची नोटीस धाडली. नोटीस पोचताच गडी नरमला. मशीन परत नेलं आणि ५०,००० दिले. पण फायनान्स कंपनीचे हप्ते चालूच आहेत, कारण कर्जाचा करार वेगळा, त्यांना मशीनशी देणंघेणं नाही. उरलेल्या पैशांसाठी जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केला आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, दोन वर्षांच्या आत मात्र जावं लागतं.

रोख दिलेल्या ३५,००० ची पावती नाही. पण त्या संध्याकाळी त्या मुलाने व्हॉट्सॲपवर ‘काकू ३५ मिळाले, उद्या डिलिव्हरी’ असं लिहिलं होतं. वकील म्हणतात, सगळ्या फायलीत हाच आपला सगळ्यात भक्कम कागद आहे. बाकीच्या दोन घरांपैकी एकाने असाच मेसेज ‘मोबाइल भरला’ म्हणून पुसून टाकलाय, त्यांना तो परत मिळतो का ते बघणं चाललंय.