म्हापशातलं डेटा रिकव्हरीचं दुकान: नॅसच्या चारातल्या दोन डिस्क गेल्या तरी नाटकं परत मिळाली

पाचपैकी पाच स्टार देतेय आणि जरा सविस्तर लिहितेय, कारण गोव्यात नॅसचा (नेटवर्कला जोडलेला, बऱ्याच डिस्क असलेला साठवणीचा बॉक्स) डेटा काढून देणारं कोणी आहे का असं विचारलं की बहुतेक जण सरळ "मुंबईला पाठव नाहीतर पुण्याला पाठव" म्हणतात, आम्हालाही तेच सांगितलेलं.

आमचं घर डिचोलीला. काका कितीतरी वर्षं आजूबाजूच्या गावांतल्या जत्रा, काल्याची नाटकं, सप्ताहातली भजनं, चवथीतल्या घुमट आरत्या शूट करतायत, आणि जुन्या कॅसेटवरचं पण सगळं त्यांनी बसून कॉम्प्युटरवर घेतलंय. नवीन शूटिंगच्या कॉप्या त्या त्या मंडळांकडे असतात पण कॅसेटवरचं दुसरीकडे कुठेच नाही, कॅसेटींना तर कधीच बुरशी आलीय. त्यात काम केलेले कितीतरी कलाकार आज हयात नाहीत. हे सगळं चार डिस्कच्या नॅसवर होतं, ४ टीबीची एकेक, रेड ५ मध्ये (डेटा आणि हरवलेला भाग परत काढता येईल अशी जादा माहिती सगळ्या डिस्कवर वाटून ठेवायची पद्धत), म्हणजे वापरायला १२ टीबी आणि एक डिस्क गेली तरी डेटा शाबूत. पावसाळ्यात लाईटीची ये-जा चालू असताना एक डिस्क टकटक करायला लागली आणि बंदच पडली. नवीन डिस्क घातली, रिबिल्ड, म्हणजे गेलेल्या डिस्कचा डेटा बाकीच्यांवरून नवीन डिस्कवर परत बनवणं, सुरू झालं, आणि अर्ध्या वाटेत आणखी एका डिस्कने दगा दिला. व्हॉल्यूम क्रॅश, म्हणजे डेटा उघडेचना, बॉक्स नुसता बीप बीप.

हे रेड ५ मध्ये का होतं ते दुकानातल्या भाईने काकांना नीट समजावलं. रिबिल्ड करताना उरलेल्या तिन्ही डिस्क पहिल्या सेक्टरपासून (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा छोटासा कप्पा) शेवटच्या सेक्टरपर्यंत वाचाव्या लागतात, आमच्याकडे म्हणजे तब्बल १२ टीबी. एरवी वर्षानुवर्षं कोणी हात न लावलेली जागा पण तेव्हाच वाचली जाते आणि तिथे दबून राहिलेला खराब सेक्टर तेव्हाच वर येतो. साध्या डिस्कच्या माहितीपत्रकात कंपनी स्वतःच लिहिते की साधारण १२.५ टीबी वाचल्यावर एखादा न वाचता येणारा सेक्टर निघू शकतो. तसं होईलच असं नाही, पण चारही डिस्क एकाच वेळी घेतलेल्या, एकाच बॉक्समध्ये तेवढंच तापलेल्या, मग एक गेली की बाकीच्यांचा पण भरवसा कमीच.

त्याआधी आम्ही दुसऱ्या एका ठिकाणी गेलो होतो, नाव लिहीत नाही, तिथे बघायच्या आधीच "परत रिबिल्ड मारूया, नाही झालं तर फॉरमॅट करून सॉफ्टवेअर चालवू" असं बोलले. आजारी डिस्कवर पुन्हा तेच ओझं टाकायचं! काकांनी डिस्क उचलल्या आणि बाहेर आले.

म्हापशातल्या भाईने पहिल्यांदा काय केलं तर काहीच चालू केलं नाही. मार्करने प्रत्येक डिस्कवर स्लॉटचा नंबर घातला, सिरीयल नंबर वहीत लिहिले, आणि टकटक करणारी डिस्क बाजूला ठेवून म्हणाला, "काका, हिला आता करंट पण देऊ नका, हिचं हेड, म्हणजे डेटा वाचणारा भाग, गेलंय, हिला क्लीनरूम, म्हणजे धूळ नसलेली खोली, लागते आणि ती माझ्याकडे नाही. पण उरलेल्या तिन्ही वाचल्या तर हिची गरजच पडणार नाही." मला तिथेच विश्वास बसला. आपल्याकडे काय नाही ते गिऱ्हाईकाला पहिल्याच भेटीत कोण सांगतं?

मग तिन्ही डिस्कच्या डीडीरेस्क्यू नावाच्या प्रोग्रामने कॉप्या काढल्या. दोन चांगल्या निघाल्या, तिसरी आजारी, तिच्यावर छोटा पंखा लावून ठेवलेला. हा प्रोग्राम आधी सोपं सोपं वाचून घेतो, अडलं की तिथे घुटमळत न बसता पुढे उडी मारतो, कुठलं राहिलं ते मॅप फाईलमध्ये लिहून ठेवतो आणि शेवटी परत येऊन तेवढेच तुकडे चिमटीने उचलल्यासारखे वाचतो. मध्येच डिस्क अडकली किंवा लाईट गेली तरी पहिल्यापासून करावं लागत नाही. स्क्रीनवर वाचलेले टक्के भराभर ९९ च्या वर गेले आणि मग आकडा हलेचना, उरलेल्या चिमूटभर सेक्टरांनीच सगळ्यात जास्त वेळ खाल्ला.

पुढचं सगळं काम कॉप्यांवर, मूळ डिस्क पिशवीत बंद. नॅसच्या आत बहुतेक करून लिनक्सच असतं, त्यामुळे साध्या लिनक्स पीसीवर त्याने एमडीएडीएम नावाच्या लिनक्सच्या टूलने रेड जोडलं, आजारी डिस्कची नोंद मध्येच बंद पडल्यामुळे बाकीच्यांपेक्षा जराशी मागे राहिलेली तिला फोर्स करून आत घेतलं, आणि फक्त रीड-ओन्ली माउंट केलं, म्हणजे वाचता येईल पण काही लिहिलं जाणार नाही असं उघडलं. फोल्डर दिसले तेव्हा काका खुर्चीवरून उठूनच उभे राहिले.

नुसती फाईलींची नावं दाखवून पैसे घेतले नाहीत हे मला सगळ्यात आवडलं. प्रत्येक व्हिडिओ पहिल्या फ्रेमपासून शेवटपर्यंत टूलमधून चालवून बघितला आणि कुठल्या फाईलमध्ये कितव्या मिनिटाला चित्र फाटतं त्याची यादी हातात दिली. एका जुन्या संगीत नाटकात नांदीच्या वेळी थोडं तुटतं, एक भजनाची फाईल अर्ध्यावर थांबते, बाकी मोठं नुकसान नाही.

पैसे म्हणाल तर चार नवीन डिस्कच्या किमतीपेक्षा थोडे कमी लागले, आणि डेटा नाही निघाला तर फक्त तपासणीची फी असं आधीच ठरलेलं. डेटा घ्यायला मोठी डिस्क आपणच न्यायची. तक्रार एकच, फोन उचलत नाहीत, व्हॉट्सॲपचं उत्तर पण रात्री उशिरा, आणि जीव टांगणीला लागलेला असताना ते फार जड जातं.

जाणार असाल तर बॉक्स बंद करा, डिस्क काढायच्या आधी स्लॉटचे नंबर लिहा, विंडोजला जोडून "इनिशियलाइज" (म्हणजे डिस्क नव्यासारखी तयार करू का) विचारलं तर हो म्हणू नका, आणि कोणी डिस्क फ्रीजरमध्ये ठेवायला सांगितलं तर ऐकू नका, आपल्या दमट हवेत बाहेर काढल्यावर तिला पाणी सुटणार. काम जुळेपर्यंत धीर धरा, तो घाई करत नाही. आणि शुक्रवारी जाऊ नका, बाजाराचा दिवस, गाडी लावायला जागा मिळत नाही.