वायरलेस ऑल-इन-वन इंक टँक प्रिंटर : सोलापुरातील घरगुती वापराचा अनुभव

छपाई, स्कॅन आणि झेरॉक्स ही तिन्ही कामे करणारा, शाईच्या टाक्यांचा आणि वाय-फायवर चालणारा प्रिंटर आमच्या जुळे सोलापुरातील घरात गेल्या दिवाळीपासून नियमित वापरात आहे. हिवाळा, इथला कडक उन्हाळा आणि आता पावसाळा अशा तिन्ही ऋतूंत तो वापरल्यावर माझे एक मत पक्के झाले आहे. खोक्यावर ठळक छापलेला ‘मिनिटाला इतकी पाने’ हा आकडा घरच्या वापरात फारसा उपयोगाचा नसतो. लाइट जाऊन आल्यावर प्रिंटर संगणकाला पुन्हा सापडतो का, आणि काही दिवस वापर नसेल तर त्याच्या प्रिंटहेडमधली (कागदावर शाई सोडणाऱ्या भागातली) शाई वाळते का, या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर सगळे समाधान किंवा मनस्ताप अवलंबून असतो. कंपनीचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण पुढे लिहिलेल्या बहुतेक गोष्टी १५,००० रुपयांच्या आसपास मिळणाऱ्या या वर्गातील बऱ्याच प्रिंटरना लागू पडतात.

आमच्याकडे कामे तीन प्रकारची असतात. मुलीच्या शाळेचे प्रकल्प आणि सराव प्रश्नपत्रिका, वडिलांच्या निवृत्तिवेतनाचे आणि बँकेचे कागद, आणि पत्नीच्या घरगुती व्यवसायाची, म्हणजे शेंगा चटणी व कडक भाकरीच्या पाकिटांची लेबले, बिले आणि कुरिअरचे पत्ते. घरातील प्रत्येक जण आपापल्या फोनवरून प्रिंट देतो, त्यामुळे वायरलेस जोडणी ही आमच्यासाठी खरी गरज होती.

पहिली जोडणी सोपी झाली, परंतु त्यातील दोन गोष्टी विक्रेत्याने सांगायला हव्या होत्या. या वर्गातील बरेच प्रिंटर वाय-फायच्या फक्त २.४ गीगाहर्ट्झ पट्ट्यावर चालतात. राउटरचे दोन्ही पट्टे एकाच नावाने सुरू असतील, तर पहिल्या जोडणीच्या वेळी काही प्रिंटर अडखळतात. अशा वेळी ५ गीगाहर्ट्झचा पट्टा तात्पुरता बंद ठेवून जोडणी करावी आणि नंतर तो पुन्हा सुरू करावा. दुसरे असे की, अँड्रॉइड फोनवरील अ‍ॅप जोडणीच्या वेळी लोकेशनची परवानगी मागते. आसपासची वाय-फाय जाळी शोधण्यासाठी अँड्रॉइडच्या अनेक आवृत्त्यांमध्ये ही परवानगी आवश्यकच असते, त्यामुळे तेवढ्यावरून घाबरण्याचे कारण नाही. काम झाल्यावर ती काढून घेता येते.

खरा त्रास सुरू झाला तो लाइट जाऊ लागल्यावर. वीज परत आली की प्रिंटर सुरू होई, त्यावरचा वाय-फायचा दिवा स्थिर जळे, फोनवरून प्रिंटही निघे, आणि तरीही लॅपटॉपवर मात्र प्रिंटर ‘ऑफलाइन’ दिसे. ही तक्रार मी अनेक परिचितांकडून ऐकली आहे आणि तिच्यावर बहुतेक जण प्रिंटर काढून पुन्हा जोडण्याचा उपाय करतात, जो पुढच्या वेळी लाइट जाईपर्यंतच टिकतो. यामागचे कारण समजून घेतले तर उपाय कायमचा होतो. राउटर बंद पडून पुन्हा सुरू झाला की तो घरातील उपकरणांना आयपी पत्ते (घरच्या जाळ्यावरचे ओळखक्रमांक) नव्याने वाटतो आणि त्यात प्रिंटरचा पत्ता बदलू शकतो. फोन दर वेळी प्रिंटरला नावाने शोधतो, म्हणून त्याला अडचण येत नाही. विंडोजमध्ये मात्र पोर्टच्या, म्हणजे प्रिंटरकडे काम पाठवण्याच्या मार्गाच्या, नोंदीत जुना पत्ता तसाच राहिलेला असू शकतो आणि लॅपटॉप त्या रिकाम्या पत्त्यावर कागद पाठवत राहतो. राउटरच्या सेटिंगमध्ये प्रिंटरसाठी एक पत्ता राखून ठेवला, आणि विंडोजमध्ये त्याच पत्त्याचे टीसीपी/आयपी पोर्ट तयार करून प्रिंटर त्यावर जोडला, तेव्हापासून आमच्या घरी ही तक्रार पूर्णपणे थांबली आहे. हे काम जाणकाराला पाच-दहा मिनिटांचे आहे. प्रिंटर बसवून द्यायला येणाऱ्या माणसाकडून ते त्याच दिवशी करून घ्यावे, असा माझा आग्रह आहे. तो ‘नंतर लागले तर बघू’ म्हणाला तरी सोडू नये.

यासोबत राउटर आणि प्रिंटर दोन्ही इन्व्हर्टरच्या लाइनवर घेणे उपयोगाचे ठरले. शाईचा घरगुती प्रिंटर छपाई करताना साधारण पंधरा वॅटच्या आसपासच वीज घेतो, त्यामुळे इन्व्हर्टरवर त्याचा भार जाणवत नाही. लेझर प्रिंटरचे तसे नसते. त्यात टोनर, म्हणजे शाईऐवजी वापरली जाणारी भुकटी, कागदावर पक्का करण्यासाठी रोलर तापवावा लागतो आणि तेवढ्यापुरती वीज काही शे वॅटपर्यंत जाते. इन्व्हर्टरवर चालवण्याचा विचार असेल तर हा फरक आधी लक्षात घ्यावा.

आता शाईविषयी. माझ्या प्रिंटरच्या माहितीपुस्तिकेत वापरासाठीचे तापमान १० ते ३५ अंश सेल्सिअस दिले आहे, आणि एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा ४० अंशांच्या पुढे जातो हे इथल्या कोणालाही सांगावे लागत नाही. बंद खोलीतील कोरडी, तापलेली हवा प्रिंटहेडच्या केसाहूनही बारीक छिद्रांतील शाई वाळवते. मे महिन्यात आम्ही गावी गेलो होतो. परत आल्यावर काढलेल्या पहिल्याच पानावर पिवळा रंग जवळजवळ नव्हता आणि काळ्या अक्षरांतून पांढऱ्या रेषा गेल्या होत्या. अशा वेळी एकामागून एक हेड क्लिनिंग करत सुटणे चुकीचे आहे. प्रत्येक क्लिनिंगमध्ये चांगली शाई ओढली जाते आणि ती प्रिंटरच्या आत टाकाऊ शाईसाठी असलेल्या पॅडमध्ये जाऊन बसते. ते पॅड भरले की प्रिंटर थांबतो आणि तो खर्च वेगळा. त्याऐवजी एकदा क्लिनिंग करावे, नोझल चेकचे (छिद्रांतून शाई नीट येते का ते दाखवणारे) पान काढून पाहावे, फरक पडला नसेल तर प्रिंटर बंद करून काही तास थांबावे आणि मग पुन्हा करावे. आमचा पिवळा रंग रात्रभर थांबल्यानंतर परत आला.

त्याहून महत्त्वाचे आहे ते प्रिंटर बंद करण्याची रीत. प्रिंटरच्या स्वतःच्या बटणाने तो बंद केला की हेड आपल्या जागी जाऊन बसते आणि त्यावर रबरी टोपण लागते. भिंतीवरचे बटण दाबून वीज तोडली, किंवा छपाई चालू असतानाच लाइट गेली, तर हेड मधेच उघडे राहू शकते आणि उन्हाळ्यात ते लवकर वाळते. आमच्या घरात आता भिंतीवरच्या त्या बटणाला कोणी हात लावत नाही. आठवड्यातून एकदा चारही रंग असलेले एखादे पान काढायचे, हा नियम मुलीने स्वतःकडे घेतला आहे. ज्यांच्या घरी महिना-महिना प्रिंट निघत नाही आणि रंगाची गरज नाही, त्यांनी इंक टँक घेऊच नये. टोनर ही कोरडी भुकटी असल्याने वाळण्याचा प्रश्न नसतो, आणि त्यांना साधा काळा लेझर प्रिंटर अधिक सोयीचा ठरेल.

खर्चाच्या बाबतीत मात्र मी अत्यंत समाधानी आहे. बाटलीवर लिहिलेला हजारो पानांचा आकडा हा ठरावीक नमुना-पानांवरून काढलेला असतो आणि मुलांच्या प्रकल्पातील गडद चित्रांना तो लागू पडत नाही. शिवाय सोबत मिळणाऱ्या पहिल्या संचातील काही शाई नळ्या भरण्यातच जाते, त्यामुळे पहिली भरणी लवकर संपल्यासारखी वाटते. हे सगळे धरूनही साध्या काळ्या मजकुराच्या पानावर शाईपेक्षा कागदाचाच खर्च जास्त होतो, असा माझा हिशेब आहे. छायाचित्रांसाठी मात्र चकचकीत कागद महाग पडतो आणि रंग स्टुडिओइतके उठावदार येत नाहीत. लग्नामुंजीचे फोटो स्टुडिओतच काढून घ्यावेत.

लेबलांचा अनुभव थोडा सविस्तर सांगतो, कारण सोलापुरात घरगुती खाद्यपदार्थांचा व्यवसाय करणाऱ्या महिला पुष्कळ आहेत. आमच्या प्रिंटरमध्ये काळी शाई पिगमेंट प्रकारची आणि रंगीत शाई डाय प्रकारची आहे. पिगमेंटचे कण कागदाच्या पृष्ठभागावर बसतात आणि पाण्याला बऱ्यापैकी दाद देत नाहीत. डाय शाई कागदात मुरते आणि ओला हात लागला की पसरते. साध्या स्टिकर कागदावर छापलेले लाल नाव पावसाळ्यात पाकीट हाताळताना ओघळू लागले, तेव्हा पत्नीने लेबलाची रचनाच बदलली. घटक पदार्थ, वजन, तारीख आणि एफएसएसएआय (अन्नसुरक्षा नोंदणी किंवा परवाना) क्रमांक हा सगळा आवश्यक मजकूर आता काळ्या रंगात असतो, रंग फक्त शाकाहारी चिन्हाला आणि एका किनारीला आहे, आणि लेबलावरून पारदर्शक चिकटपट्टी लावली जाते. शेंगा चटणीचे तेल कागदाला लागले तर तो भाग पारदर्शक होतो, तेही या पट्टीमुळे टळते. चारही शाया पिगमेंट असलेले प्रिंटर मिळतात. व्यवसायासाठीच घेणाऱ्यांनी दुकानात हा प्रश्न आवर्जून विचारावा.

स्कॅनरची प्रत चांगली आहे. कागदपत्रांसाठी ३०० डीपीआय (एका इंचात ३०० ठिपके) पुरेसे होते. त्याहून वाढवले तर फाइल इतकी मोठी होते की शासकीय संकेतस्थळे ती घेत नाहीत. आधार कार्डाच्या दोन्ही बाजू एकाच पानावर घेण्याची सोय वडिलांना सर्वांत जास्त आवडली. उणीव आहे ती काचेच्या आकाराची. काच ए४ मापाची आहे आणि आपल्याकडची खरेदीखते, मुद्रांकावरचे करार लीगल (ए४ पेक्षा लांब) मापाचे असतात. ते दोन तुकड्यांत स्कॅन करावे लागतात किंवा झेरॉक्सच्या दुकानात न्यावे लागतात. कागद आपोआप ओढणारा फीडरही या किमतीत आम्हाला मिळाला नाही, त्यामुळे जाड संचिका स्कॅन करायची तर प्रत्येक पानाला उठून झाकण उघडावे लागते.

शिक्षकांसाठी एक सूचना. युनिकोड ही सर्व उपकरणांवर चालणारी अक्षरपद्धत येण्याआधीच्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली मराठी प्रश्नपत्रिका फोनवर उघडली, तर तो फाँट फोनमध्ये नसल्याने निरर्थक अक्षरे छापून येतात. तो दोष प्रिंटरचा नसतो. ज्या संगणकावर टाइप केले तिथेच तिची पीडीएफ करून घेतली की फोनवरून ती जशीच्या तशी निघते.

कागद मागच्या उघड्या ट्रेमध्ये उभा राहतो. इथल्या धुळीत काम नसताना तो ट्रे रिकामा आणि झाकलेलाच ठेवावा, कारण रोलरवर धूळ बसली की कागद ओढला जात नाही. उन्हाळ्यात कोरडे कागद एकमेकांना चिकटून दोन-दोन जातात. ट्रेमध्ये ठेवण्यापूर्वी गठ्ठा हाताने फुलवून घ्यावा.

सेवेविषयी माझा अनुभव संमिश्र आहे. कागद ओढला जात नसल्याची तक्रार नोंदवल्यावर तंत्रज्ञ घरी आला, त्याने काम नीट केले आणि रोलर कसा पुसायचा हेही पत्नीला दाखवले. परंतु त्याआधी दूरध्वनीवर एकच माहिती पुन्हा पुन्हा सांगावी लागली. वॉरंटी वर्षभराची किंवा ठरावीक पानांची, यांपैकी जे आधी संपेल तेवढीच आहे, आणि लेबलांमुळे आमची पाने भराभर वाढतात. म्हणून प्रिंटरच्या सेटिंगमधून एकूण पानांची नोंद काढून ती खरेदीच्या बिलासोबत ठेवली आहे, आणि मुदत संपण्याआधी हेड व टाकाऊ शाईचे पॅड एकदा तपासून द्यावे, अशी लेखी मागणी कंपनीकडे केली आहे.