जलचंद्र अवलोकितेश्वराची छापील प्रत: आधी चंद्र शोधा, मग घ्या

कोरियाच्या गोर्यो राजवटीतलं, चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धातलं जलचंद्र अवलोकितेश्वराचं, म्हणजे करुणेच्या बोधिसत्त्वाचं, रेशमावरचं चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. भिंतीवर लावायला त्याची छापील प्रत घेताना पहिली गडबड होते ती मापात.

मूळ चित्र 114.5 बाय 55.6 सें.मी. आहे, म्हणजे उंची रुंदीच्या दुपटीहून थोडी जास्तच. 24 बाय 36 इंचांची तयार फ्रेम पूर्ण भरायची तर चित्राची पाव भागाहून जास्त उंची छाटावी लागते. वर काळोखच तर आहे, असं म्हणून कात्री चालते. पण त्याच काळोखात छोटासा चंद्र आहे, आणि चंद्रात झाडाखाली अमृत कुटणारा ससा. शशांक हा शब्द ज्यांच्या भाषेत आहे त्यांना तो वेगळा समजावून सांगायला नको. पाण्यातला चंद्र दिसतो, पण हाताला लागत नाही. चित्राचं नावच या दाखल्यावर बेतलेलं आहे. खालून कापलं तर भेटी घेऊन आलेला नागराज आणि त्याचा लवाजमा जातो. बाल यात्रेकरू सुधनही खालीच आहे, गंडव्यूह सूत्र या बौद्ध ग्रंथात 53 गुरूंची दारं ठोठावणारा. तो नसेल तर उरतो खडकावर निवांत बसलेला एक राजबिंडा पुरुष. करुणा कोणावर, हा प्रश्नच उरत नाही.

दुसरी अडचण ओढणीची. गोर्यो चित्रकार रेशमाच्या मागच्या बाजूनेही रंग भरत. तो विणीतून झिरपून पुढे मऊ दिसतो. त्यावर अंगभर पारदर्शक ओढणी, केसाएवढ्या रेषांनी काढलेली. मूळ मापात 300 डीपीआयने (इंचाला 300 ठिपके) छापायचं तर फाइल सुमारे 13,500 पिक्सेल उंच हवी. अर्ध्या मापाला 6,750 पुरतात. त्याखाली गेलात की ओढणीचं धुकं होतं. जाड विणीच्या कॅनव्हासवर तर फाइल कितीही चांगली असली तरी रेषा तुटतात.

सोनं साध्या चार शाईंत उतरत नाही, गेरूसारखं दिसतं. ते चालवून घ्यावं. चमक आणायला रंग भडक केलेली प्रत मात्र नको. चेहरा कावीळ झाल्यासारखा होतो. उलट फार गडद छापलं की झारीतली विलो झाडाची डहाळी खडकात गडप होते. रोग आणि दुःख शमवणारी म्हणून ती तिथे आहे.

ग्लॉसी कागदाला पाचपैकी दोन गुण: रेशीम काळवंडलेलं असल्यामुळे चित्राचा बराच भाग गडद, म्हणजे त्यात खोलीतली ट्यूबलाइटच जास्त दिसणार. गुळगुळीत, मॅट, सुती कागदावरच्या अखंड प्रतीला साडेचार. 24 इंच रुंदीला साधारण साडेएकोणपन्नास इंच उंची धरून फ्रेम मापाने करून घ्या. पैसे देण्याआधी विक्रेत्याकडून चारही कडा दिसणारा फोटो मागवा.