आधी तोड कोणाला: आडसालीला की खोडव्याला?

ऊसतोड मजुरांची टोळी गावात उतरली की एकाच शेतकऱ्याच्या उसाच्या दोन फडांपैकी कोयता आधी कुठे लावायचा, हा प्रश्न वारणाकाठी दर हंगामात पडतो. माझ्याकडे नोव्हेंबरात एका बाजूला को ८६०३२ या जातीचा, १६ महिने पुरे झालेला आडसाली (आदल्या पावसाळ्यात लावलेला) फड असतो आणि दुसऱ्या बाजूला त्याच जातीचा ११ महिन्यांचा खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटलेला ऊस.

खोडवा आधी तोडण्यामागची कारणे रास्त आहेत. रान लवकर मोकळे होऊन हरभरा किंवा गहू वेळेत पेरता येतो. शिवाय लोळलेल्या आडसालीत मोळी बांधायला फार वेळ जातो, म्हणून टोळीही उभ्या खोडव्याकडे आधी जायला राजी असते. मीही सलग दोन वर्षे तसेच केले.

माझे मत बदलले ते तुऱ्यामुळे, म्हणजे उसाच्या फुलोऱ्यामुळे. शेंड्यावर रुपेरी तुरा दिसला की उसाची वाढ तिथेच थांबते आणि साधारण दोन महिन्यांनंतर त्यातली साखर मोडू लागते. दुसऱ्या वर्षी आडसालीला तोड मिळाली ती फेब्रुवारीत. एक ऊस उभा चिरून पाहिला, तर वरच्या चार-पाच कांड्यांत रसाऐवजी कापसासारखी पांढरी दशी होती आणि लोळलेल्या उसाच्या डोळ्यांतून पांगशा (बाजूचे कोंब) फुटल्या होत्या. ट्रॉली नेहमीसारखीच शिगोशीग भरलेली दिसे, पण काट्यावरची प्रत्येक पावती आदल्या वर्षीपेक्षा हलकी येई. आपला दर ठरतो कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेच्या टक्केवारीवर, त्यामुळे साखरेची घट सर्वांत वाटली जाते. वजनाची घट मात्र ज्याची त्यालाच सोसावी लागते.

खोडव्याचे नेमके उलटे आहे. पाणी चालू ठेवले तर तो थंडीत वजनालाही भरतो आणि साखरेलाही. नोव्हेंबरात बुडख्याच्या आणि शेंड्याच्या रसात रसाची गोडी मोजणाऱ्या माझ्या हात-ब्रिक्समीटरवर जो ठळक फरक दिसतो, तो जानेवारीत जवळजवळ मिटलेला असतो. शिवाय लवकर तुटलेल्या आडसालीचा पुढचा खोडवा चांगला साधतो. १५ फेब्रुवारीनंतर तुटलेल्या उसाचा खोडवा धरण्यात फारसे हशील नसते.

ज्यांचे घरचे धान्य गव्हाच्या त्या पेऱ्यावरच अवलंबून आहे, त्यांना हा क्रम परवडेलच असे मी म्हणणार नाही. खोडव्यात हुमणी (मुळे खाणारी अळी) लागून बेटे वाळत असतील, तर तोही थांबवू नये. एरवी आडसालीला तुरा दिसला, की मी चिटबॉयला, म्हणजे तोडीची चिठ्ठी देणाऱ्या कारखान्याच्या माणसाला, त्याच फडाची चिठ्ठी आधी द्यायला सांगतो आणि त्या वर्षीचा हरभरा सोडून देतो.