पीटरमधला चार आठवड्यांचा रशियन कोर्स: शिकवणं भारी, ऑफिस डोक्याला ताप

पुण्यात दोन लेव्हल झाल्यावर वाटायला लागलं होतं की आपल्याला रशियन येतं. मग जूनमध्ये सेंट पीटर्सबर्गला (तिकडे सगळे पीटरच म्हणतात) कोर्सला गेले आणि पहिल्याच दिवशी दुकानात पाण्याची बाटली मागताना तोंडातून शब्द फुटेना.

ग्रुप पाच जणांचा. मजा पण त्यातच आणि त्रास पण त्यातच, कारण पाच जणांत लपणार कुठे, होमवर्क नसेल केला तर दुसऱ्या मिनिटाला पकडतात. मॅडमना हाक मारायची ती नाव आणि वडिलांचं नाव जोडून, त्यात बाकीचे रोज अडखळायचे, मला काही वाटलं नाही, आपल्या प्रत्येक फॉर्मवर मधे बाबांचं नाव असतंच की. आणि ओन, अना, अनो म्हणजे सरळ आपलं तो, ती, ते! शेजारचा तुर्की मुलगा तीन लिंगं बघून पार हैराण, मी आपली निवांत.

माझी विकेट पडली ती 'जाणे' या क्रियापदावर. चालत जायचं वेगळं, गाडीने जायचं वेगळं, जाऊन परत यायचं असेल तर आणखी तिसरंच. वीकेंडला मॉस्कोला जाणार हे सांगताना मी 'इदू' म्हणून गेले, तर मॅडम एकदम शांतपणे, "पायी? साडेसहाशे किलोमीटर?" त्यानंतर तीन दिवस आम्हाला रस्त्यावर उभं करून नुसतं हेच, तो बघा कोण ट्रॉलीबसने चाललाय, कोण रोज चालत जातो, बोला. अजून चुकत नाही मी त्यात.

राहायला एका आजींकडे होते. 'ब्येझ म्यासा' म्हणजे मांस नको, हे विमानात घोकत गेले (म्यासो आणि आपलं मांस एकाच मुळातले शब्द, उगाच जवळचं वाटलं), तरी पहिल्याच रात्री सूपमध्ये चिकनचे तुकडे. आजी म्हणाल्या, अगं हे मांस कुठंय, ही तर कुरा आहे! पुस्तकात कोंबडी म्हणजे कूरित्सा, पीटरवाले म्हणतात कुरा, हे पण तेव्हाच कळलं. मग महिनाभर ग्रेच्का (शिजवलेला कुट्टू), काकडी आणि सगळ्यावर स्मेताना (आंबट साय), वजन दीड किलो वाढलं.

आता तक्रार. तिसऱ्या आठवड्यात दुसऱ्या ग्रुपच्या मॅडम आजारी पडल्या तर ऑफिसने दोन्ही ग्रुप एकत्र केले, चार दिवस नऊ जण एका खोलीत, त्यांची लेव्हल पण वेगळी, अख्ख्या तासात माझी दोन-तीन वाक्यं झाली तर झाली. पैसे छोट्या ग्रुपचे घेतले होते ना? विचारलं तर नुसते खांदे उडवले. जाणार असाल तर ग्रुपमध्ये जास्तीत जास्त किती जण ते आधी लेखी घ्या. आपली व्हिसा-मास्टरकार्ड तिकडे 2022 पासून चालत नाहीत, कॅश न्या. आणि डोळ्यांवर बांधायची पट्टी, जूनमध्ये रात्री अकराला पण उजेड असतो.

पाचपैकी चार स्टार, एक त्या चार दिवसांचा कापला.