नववी ते बारावीच्या मुलांचं बालसंगोपन शिबिर, इंदूर: पाठवा, फक्त शेवटचा दिवस बुडवा

सुट्ट्यांमधे इंदूरात मुलांना कुठे अडकवायचं हा सगळ्याच आयांचा प्रश्न, स्विमिंग झालं, कोडिंग झालं, यंदा सोसायटीच्या ग्रुपवर "चाइल्ड डेव्हलपमेंट अँड पेरेंटिंग, क्लास नाइन टू ट्वेल्व" असा मेसेज आला आणि मी मुलाचं नाव देऊन टाकलं, तो अकरावीत जाणार आहे. सासूबाईंना पटलं नाही, "अगं त्याला धड मिशी फुटली नाही आणि तू त्याला लंगोट शिकवतेस?" पण मला वाटलं आता घराघरात एकेकटी मुलं, चुलत-मामे भावंडं पुण्याला नाहीतर अमेरिकेत, बाळ कडेवर घेतलेलंच नसतं यांनी कधी, मग शिकणार कुठून. संस्थेचं नाव लिहीत नाही कारण खाली थोडं सुनावलंय, कोणाला हवं असेल तर मेसेज करा.

आधी जे खरंच मस्त होतं ते. एक ताई त्यांचं सात महिन्यांचं बाळ घेऊन यायच्या, मधे सतरंजी, भोवती पोरं, प्रत्येकाच्या हातात वही. बाळ काय करतंय आणि आई त्यावर काय करते एवढंच लिहायचं, स्वतःचं मत नाही लिहायचं. म्हणजे बाळाने हुंकार दिला, आईने बघितलं, आई बोलली, बाळ परत हुंकारलं. याला सर्व्ह अँड रिटर्न म्हणतात आणि मेंदूची जोडणी यातूनच होते असं शिकवणाऱ्या मॅडमनी समजावलं, आणि मग एडवर्ड ट्रॉनिक यांच्या स्टिल फेस प्रयोगाचा व्हिडिओ दाखवला, आई बाळासमोर चेहरा एकदम कोरा ठेवते आणि बाळ आधी हसवायचा प्रयत्न करतं, हात नाचवतं, मग रडकुंडीला येतं. सगळी बॅच गप्प झाली म्हणे. सासूबाईंना हे सांगितलं तर म्हणतात यात काय शिकायचंय, आम्ही पायावर घेऊन न्हाऊ घालताना तासभर बोलतच असायचो की. मॅडमनीही नेमकं हेच उदाहरण दिलं होतं, तेव्हापासून विरोध जरा मावळला.

मधाचा मुद्दा मात्र पेटला. एक वर्षाच्या आत बाळाला मध चाटवायचा नाही, त्यात बोट्युलिझम या विषबाधेचे जंतू असू शकतात आणि एवढ्या लहान आतड्यांना ते झेपत नाहीत, हे पोराने जेवताना ऐकवलं. आजी म्हणाली तुझ्या बापाला सोन्याच्या अंगठीने चाटवलाय, बघ धडधाकट बसलाय समोर. वाद अजून मिटलेला नाही. सहा महिन्यांपर्यंत फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही, बाळ झोपवायचं ते पाठीवर, कितीही रडलं तरी गदागदा हलवायचं नाही, हे सगळं त्याला पाठ झालंय. आणि एक वर्षापर्यंत स्क्रीन अजिबात नको हे डब्ल्यूएचओचं 2019 चं म्हणणं त्याने थेट माझ्या नणंदेला सुनावलं, तिची छोटी मोबाइल दाखवल्याशिवाय तोंड उघडत नाही. नणंद म्हणाली, भाऊ, मग तूच भरव. भरवलं त्याने, रव्याची खीर केसांपासून सोफ्यापर्यंत, पण मोबाइल नाही लावला. माझी फी तिथेच वसूल झाली.

रडणारी बाहुलीसुद्धा होती, सेन्सरवाली, मान नीट धरली नाही की भोकाड पसरते. पोरांनी तिच्यासोबत रील्स बनवले, बाकी काही नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियात 13 ते 15 वर्षांच्या मुलींना अशाच बाहुल्या घरी देऊन बघितलं होतं, म्हणजे लवकर आई व्हायचं वेड जाईल म्हणून, आणि 2016 मधे लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात जे छापून आलं ते उलटंच, बाहुलीवाल्या गटात विशीपर्यंत बाळंत झालेल्या 8 टक्के आणि दुसऱ्या गटात 4. तेव्हा बाहुलीचे पैसे वाचवा आणि त्या बाळवाल्या ताईंना थोडं मानधन वाढवून द्या.

आता राग. स्तनपानाच्या सेशनला मुलग्यांना बाहेर काढलं! "बॉइज, नींबू पानी ले लो." अहो, मग बोलावलंत कशाला यांना? उद्या बायको बाळंत होईल तेव्हा रात्री उठून उशी सरकवणारा, पाणी आणून देणारा हाच ना? माझा मुलगा चिडून घरी आला आणि मग त्याला ते मीच सांगितलं, सांगताना मला काही लाज वाटली नाही आणि त्यालाही नाही.

शेवटचा दिवस तर पूर्ण वाया. एक पाहुणे सर आले आणि पोटातल्या बाळाला मोझार्टचं संगीत ऐकवा, मूल हुशार होतं, असं सांगून वर गर्भसंस्काराच्या पॅकेजची पत्रकं वाटली. सोळा वर्षांच्या पोरांना! हे खूळ ज्यावरून निघालं तो 1993 चा मोझार्टचा प्रयोग कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर झाला होता, बाळांवर नाही, आणि जो फरक दिसला तो दहा-पंधरा मिनिटं टिकला. आणि स्लाइड सगळ्या परदेशी, गोरी बाळं, गोऱ्या आया. 1945 मधे बोर्डीला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी बालशिक्षणाचं जे काम उभं केलं, झाडाखाली, अंगणात, त्यांचं नावही नाही, आणि समोर निम्मी पोरं मराठी घरातली.

फी साडेतीन हजार, जास्तच आहे. हॉलला कूलर होता पण मागच्या रांगेला हवा लागत नव्हती. नाश्ता रोज पोहे-जिलबी, त्याबद्दल तक्रार शक्यच नाही. पुढची बॅच दिवाळीच्या सुट्टीत म्हणताहेत, नाव घालताना आधीच विचारून ठेवा की मुलग्यांना सगळ्या सेशनला बसू देणार का, आणि नाही म्हणाले तर माझं नाव सांगून भांडा.